ताडपत्रीची होडी आन् मागची जागा

निजामाच्या राज्यात सगळं होतं, समुद्र तेवढा नव्हता. हे माझं म्हणणं न्हाय, आमच्या ड्रिलच्या सरांचं. आमचा मुलूख आधी मुंबई राज्यात गेला, मग महाराष्ट्र झाला, आन् तवापासून सरांच्या डोक्यात एकच गोष्ट बसली.

"रत्नागिरी आता कुणाची? आपली! समुद्र कुणाचा? आपला! उमरग्यातल्या किती जणांनी बघितला? एकानं!"

तो एक म्हणजे सर स्वतः.

सर बोलायचे ते असं, परेड घेतल्यासारखं. प्रत्येक वाक्याला टाच आपटायची. शाळेत होतो तवर मी त्यांची नक्कल पाठीमागं करायचो, मॅट्रिक पास झाल्यावर तोंडासमोर करायला लागलो. सर शांतपणे बघायचे आन् म्हणायचे, "टाच नीट आपट!"

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सर आरमारात होते. बंदूक न्हाय, बिगुल. उंच लोखंडी जहाजाच्या कठड्याशी उभं राहायचं आन् बिगुल वाजवायचा, एवढंच त्यांचं दर्यावर्दीपण. खालचं पाणी त्यांनी माळवदावरून गल्ली बघावी तसं बघितलेलं. पण उमरग्यात तेवढंसुद्धा कुणाच्या पदरी नव्हतं, म्हणून समुद्राच्या बाबतीत सरांचा शब्द शेवटचा.

बेत असा होता. दिवाळीच्या सुट्टीत रत्नागिरीहून एका हलक्या होडीतून निघायचं आन् किनारा धरून खाली वेंगुर्ल्यापर्यंत जायचं. रोज संध्याकाळी एखाद्या खाडीत शिरायचं, होडी वाळूवर ओढायची, चूल पेटवायची, झोपायचं.

"आन् वेंगुर्ल्याच्या पुढं, सर?"

"पुढं गोवा! गोव्यात पोर्तुगीज! धरतील!"

"आपल्याला धरून काय करतील?"

"तुझं बोलणं ऐकतील! सोडतील!"

होडी दोघांपुरती. पुढं सर, मागं मी. मलाच का, तर मी अंगानं काडी होतो, विहिरीत ढकलून ढकलून पोहायला शिकलो होतो, आन् मॅट्रिक होऊन घरात रिकामा बसलो होतो. सरांनी शब्द दिला, "मागची जागा तुझी!" तो शब्द मी चहाच्या हाटेलात नेला, तिथून यष्टी स्टँडवर, तिथून बाजारात. जाईल तिथं करून दाखवायचो. सर लाटेवर खेकसतात, "लाट! पीछे मुड!" आन् लाट बिचारी सलाम ठोकून मागं जाते. लोक पोट धरून हसायचे. पंधरा दिवसांत गावाला असं वाटायला लागलं की हा पोरगा समुद्रावर जाऊनच आलाय. म्हणजे आता न जाऊन भागणार नव्हतं.

होडी करायची कुठं? लाकडी केली तर जड होणार. दोन माणसांनी उचलून वाळूवर आणता आली पायजे, ट्रकच्या टपावर मावली पायजे. सरांनी आरमारात एकदा कापडी होडी लांबून बघितली होती. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आन् त्यावर मेणकापड. मेणकापडावरून आम्हाला एकाच वेळी चाचा आठवले.

चाचांचं दुकान हैदराबादच्या सडकेला लागून. ते ट्रकांच्या ताडपत्र्या शिवायचे. दुकान म्हणजे चार खांब आन् वर एक ताडपत्री, आन् तिला भोकं. "चाचा, स्वतःची शिवा की एकदा," म्हणलं की म्हणायचे, "हिचं भाडं कोण देतो बेटा?" पोट मोठं, आवाज बारीक, कानावर कायम विडी. दाभण हातात असलं की ओठाच्या कोपऱ्यातून जीभ बाहेर यायची. ही जीभ जमली की चाचांची नक्कल जमली.

सरांनी विचारलं, "ताडपत्रीची होडी! शिवाल का?"

"मास्टरसाब, ट्रक झाकायचा काय आन् होडी झाकायची काय. माप द्या."

"झाकायची न्हाय! होडी उघडीच!"

"मग तर कापड कमीच लागंल," चाचा खूश झाले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत काम सुरू झालं. सांगाडा उभा राहिला तो बैलाच्या बरगड्यांसारखा दिसायचा. त्यावर दुहेरी जाड कापड, कापडाला जवसाचं तेल, शिवणींना डांबर. सडकेवरून जाणारा प्रत्येक ट्रकवाला थांबून विचारायचा, "हे काय, गुळाची काहील का?" एकानं तर ऊस कधी गाळणार म्हणून चौकशी केली.

सामान जमवायला लागलो तसं चाचांना चेव चढला. त्यांच्या हिशोबानं जी चालती ती गाडी, आन् गाडीला जे लागतं ते होडीला लागणारच. भोंगा पायजे. मागं काळा गोंडा पायजे. समोर लिंबू-मिरची पायजे.

"भोंगा कशाला?" सर म्हणाले. "समुद्रात समोरून कोण येतंय?"

"कोण न्हाय आलं तर वाजवायचा न्हाय," चाचा म्हणाले. भोंगा लागला.

पण चाचांच्या डोक्यातून एक कामाची गोष्ट बी निघाली. ट्रकच्या जुन्या ट्यूबी. दोन टोकांना दोन ट्यूबी फुगवून बांधल्या, म्हणजे होडी भरली तरी बुडायची न्हाय. पिण्याच्या पाण्याला ट्रकवाले दाराबाहेर टांगतात तसल्या कापडी छागली घेतल्या. वल्ही सुतारानं केली, ती निघाली खोऱ्यासारखी, पण हाताला हलकी. राहिलं शीड. ताडपत्रीचं शीड जड होणार म्हणून मी मायचं जुनं हिरवं लुगडं मागितलं.

"कशाला?"

"शीड करायचंय, माय. वाऱ्यावर फुगतं ते."

"माझं लुगडं समुद्रावर फडकणार? समद्या कोकणासमोर?" तिनं थोडा विचार केला आन् आत गेली. बाहेर आली ती जुनं न्हाय, बरंच बरं लुगडं घेऊन. "मग हे न्ही. त्याला ठिगळ हाय."

आता होडी तपासायची होती. चाचांच्या धंद्यात नवी ताडपत्री तपासायची एक रीत आहे. चार कोपरे चार खांबांना बांधायचे, मधी झोळ सोडायचा, झोळात पाणी ओतायचं आन् खालून बोट फिरवायचं. बोट कोरडं निघालं तर माल पक्का. चाचांनी होडी चार दगडांवर ठेवली आन् मला म्हणाले, "भर."

वैशाखाचा महिना. सडकेच्या हौदात ट्रकांच्या रेडिएटरपुरतं पाणी असायचं, ते बी लांबून आणलेलं. मी बादलीमागून बादली होडीत ओतायला लागलो तसा बायकांचा घोळका जमला, प्रत्येकीच्या कमरेला रिकामी घागर. पुढं आमची माय.

"अवो, काय करायलाव तुम्ही?"

"होडी तपासायलो, भाभी," चाचा म्हणाले.

"होडी पाण्यात घालत्यात का पाणी होडीत घालत्यात?"

चाचांनी विडी कानावरून काढली. "भाभी, बाजारात मटका घेताव तवा पाणी आत ओतून बघताव का मटका विहिरीत बुडवून?"

माय गप्प झाली. माय गप्प झालेली मी तवा पहिल्यांदा बघितली. सरांनी टाच आपटली, "बरोबर!"

संध्याकाळपर्यंत खाली एक थेंब पडला न्हाय. चाचांनी अख्ख्या होडीखालून बोट फिरवून सगळ्यांना दाखवलं, कोरडं. मग त्या पाण्याचं काय करायचं? सांडायचं तर कुणी सांडू देईना. बायकांनी घागरी बुडवून होडीच रिकामी केली. दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घरच्या चहाला डांबराचा वास होता, आन् पाव्हणे म्हणत होते, चहा कडक झालाय.

पोळा झाला, गावाबाहेरच्या तळ्याला पाणी आलं. होडी डोक्यावर घेऊन आम्ही निघालो तर मागं अर्धा गाव. सर पुढं बसले, मी मागं. मी सगळ्यांना हात केला, सरांनी बिगुल फुंकला, आन् आम्ही निघालो. वल्हं दोन-चार वेळा मारलं असंल.

"सर, पाय ओले झाले."

"बोलू नको! वल्हव!"

"सर, बूड ओलं झालं."

"समुद्रात ओलं होतंच! वल्हव!"

"सर, आता कमरेला आलं."

तेव्हा सरांनी खाली बघितलं. त्यांच्या मांडीवरून बेडकाचं पिल्लू पोहत चाललं होतं. ट्यूबींनी आम्हाला बुडू दिलं न्हाय, त्यामुळं आम्ही दोघं कमरेएवढ्या पाण्यात बसून, तोंडं गंभीर ठेवून, घंगाळात बसल्यासारखे तळ्याच्या मधोमध फिरत राहिलो. काठावरून लोक ओरडत होते, "साबण देऊ का?" माझ्या माघारी माझी नक्कल करायला त्या दिवसापासून पोरं शिकली.

काठावर आल्यावर चाचांनी होडी उलटी केली आन् शिवणीवरून अंगठा फिरवला. मग त्यांनी समजावून सांगितलं. ताडपत्री शिवताना टाक्यांची भोकं झाकायला वरच्या अंगानं एक पट्टी चढवायची असते. वरून पाणी पडलं की पट्टी टाक्यांवर दाबून बसते, जितकं पाणी जास्त तितकी घट्ट. हाताच्या सवयीनं ती पट्टी होडीच्या आतल्या अंगाला आली होती. आम्ही आत पाणी भरलं तवा ती झक्क दाबून बसली. तळ्यात पाणी बाहेरून आलं, टाक्यांच्या भोकांतून शिरलं आन् पट्टी उचलून आत आलं.

"कापड उलटं लागलंय," चाचा म्हणाले. "काय करू मास्टरसाब, जल्मभर पाणी वरूनच पडताना बघितलं. ते बी कवातरी. खालून येणारं पाणी म्या कुठं बघू?"

"मला तरी कुठं सुचलं!" सर म्हणाले. "मटक्याला मी बरोबर म्हणालो!"

मागं माय उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला होता आन् तिचे खांदे हालत होते.

चाचांनी कापड सांगाड्यावरून सोडवलं आन् अंगरखा उलटा करावा तसं उलटं करून परत बसवलं. पट्ट्या बाहेर आल्या. आता होडी तळ्यात कोरडी राहिली. मी मागच्या जागेवर बसून पार पलीकडच्या काठाला जाऊन आलो. पण सरांना नवीन काळजी लागली. ते दुकानात येऊन मोडक्या खुर्चीवर बसले.

"होडी रोज वाळूवर ओढायची! पट्ट्या घासणार! समुद्रात शिवण उसवली तर?"

"शिवायची," चाचा म्हणाले.

"होडी तर पाण्यात! बाहेरून हात कसा पोचणार?"

"आतून. एका अंगानं." हे चाचांचं खास काम होतं. भरलेला ट्रक सडकेला उभा, वर ताडपत्री फाटलेली, माल उतरवायला वेळ न्हाय. अशा वेळी चाचा ट्रकवर चढायचे आन् वाकडी सुई घेऊन, ताडपत्री न सोडता, वरच्या वर टाका घालायचे. सुई जिथून आत जाते तिथूनच बाहेर येते. उमरग्यात ते दुसऱ्या कुणाला येत नव्हतं.

"मग हे समुद्रात कोण करणार?" सरांनी विचारलं, आन् त्यांचा आवाज पहिल्यांदाच परेडचा नव्हता.

चाचांनी सुई बघितली, सडक बघितली. "मी येईन की."

मी हसलो. मला वाटलं चाचा चेष्टा करायलेत. पण त्यांची जीभ ओठाच्या कोपऱ्यात आली होती.

"माझी ताडपत्री कलकत्त्याला जाऊन आली, मास्टरसाब. विजयवाड्याला तर हमेशा जाते. आन् मी? मी एकदा सोलापूरला गेलतो. दात काढायला."

सरांनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "विश्राम!"

झालं. मागची जागा गेली. चूक चाचांची आन् जागा बी चाचांनाच! दुसरा कुणी असता तर मी भांडलो असतो, पण चाचांशी भांडायचं म्हणजे त्यांच्याच दुकानात, त्यांचाच चहा पिऊन भांडावं लागलं असतं. म्हणून मी दुसरी वाट धरली. "मला शिकवा," म्हणलं.

"नक्को बेटा. बोटं फाटतील."

"फाटू द्या."

ते मला रोज दुपारी शिकवायला लागले. कापसाचा ट्रक थांबला की वर चढायचो, चाचा एका टोकाला, मी दुसऱ्या. बोटं खरंच फाटली. टाका कधी लांब, कधी आखूड, कधी माझ्याच सदऱ्याला. मग मला एक गोष्ट सापडली. मी मी म्हणून शिवायला बसलो की वाकडं जायचं. चाचांची नक्कल करत बसलो, पोट पुढं, मान तिरकी, जीभ ओठाच्या कोपऱ्यात, श्वास नाकातून शिट्टीसारखा, की हात बी चाचांच्या हातासारखा चालायचा. दिवाळी तोंडावर आली तवा माझा टाका दोन्ही हातांनी ओढला तरी सुटत नव्हता.

सर विचारायला आले. "जमतं का याला?"

चाचा सुईत दोरा ओवत होते. वर न बघता म्हणाले, "कच्चा हाय अजून."

इकडं गावाला मी काहीच सांगितलं नव्हतं. सांगणार कसं? ज्या चहाच्या हाटेलात मी लाटांना पीछे मुड करायला लावलं, तिथं जाऊन म्हणू की माझ्याऐवजी चाचा चाललेत? आन् गाव तर माझ्या वाटेच्या शिदोरीला लागलं होतं. आमच्याकडं कुणी लांब निघालं की घरोघरून काहीतरी येतं, आन् आलेलं न्हाय म्हणायचं नसतं. धपाटे आले, दशम्या आल्या, कडक भाकरी आल्या, शेंगाच्या चटणीच्या पुरचुंड्या आल्या. शेजारच्या आजीनं तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी दिल्या, वर म्हणाली, "समुद्रात बाजरी पिकत न्हाय म्हणं." आमच्या वसरीला पोत्यांची थप्पी लागली.

एका सकाळी माय पोत्याचं तोंड शिवत होती. म्हणाली, "तुला न्हेणार न्हाईत ना?"

"कोण म्हणलं?"

"कोण कशाला म्हणायला पायजे? किती दिवस झाले, तू घरात कुणाची नक्कल केली न्हाय."

मी खाली बसलो. सगळं सांगितलं. ती शिवत राहिली.

तेवढ्यात सरच आले, सामानाचा अंदाज घ्यायला. पोती बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "होडी एवढीशी! शिदोरी एवढी! परत करा!"

"शिदोरी परत करत्यात व्हय, सर?" माय उठून उभी राहिली. "घरोघरी जाऊन काय सांगू? मानूस मेलं म्हणू?"

मायनं मायच्या हिशोबानं तोड काढली. "पोती होडीत मावत न्हाईत तर यष्टीनं जाऊ द्या. होडी ज्या गावाला जाईल तिथं पोती आधी पोचलेली. आन् पोत्यांसंगं मानूस लागंल का न्हाय?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. "लागंल!"

ते गेल्यावर मी फुरंगटून म्हणलं, "म्हणजे मी हमाल."

"गाव सोडून चाललास, एवढं बास. कशात बसलास ते बघायला गाव कोकणात येणार हाय का?"

निघायच्या दिवशी सोलापूरकडं जाणाऱ्या एका ट्रकच्या टपावर होडी चढली, भोंग्यासकट. चाचींनी चाचांच्या दंडाला इमामजामीन बांधला, कापडात नाणं गुंडाळून, प्रवासाला निघणाऱ्याला बांधतात तसा. मग एक माझ्या बी दंडाला बांधला. गावानं हार माझ्याच गळ्यात घातले. चाचांनी खरं सांगितलं न्हाय, उलट टाळ्या वाजवल्या. त्यांनी तेवढं माझं राखलं.

ट्रक बदलत, घाट उतरत रत्नागिरीला पोचलो आन् समुद्र दिसला. मला वाटलं होतं माझ्या तोंडातून काहीतरी झकास निघंल. काहीच निघालं न्हाय. चाचा मात्र टपावर उभे राहिले. "या अल्लाह! एवढं पाणी, आन् घागर घेऊन एक बाई न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मायचं हिरवं लुगडं फुगलं. किनाऱ्यावर एक म्हातारा कोळी जाळं सोडवत बसला होता. त्यानं होडीला बोटानं टिचकी मारली, ढोलासारखा आवाज आला, तसा तो हसला आन् परत जाळ्याकडं वळला. सर पुढं बसले. चाचा मागं बसले तशी होडी मागून खाली गेली आन् सरांचं टोक वर आलं. दोन लाटा अंगावर घेत दोघं खोल पाण्यात निघाले. मी यष्टी स्टँडवर गेलो.

पोती टपावर चढवताना कंडक्टर म्हणाला, "काय, लग्न हाय?" मी सरांच्या आवाजात म्हणलो, "मोहीम!" सगळ्या यष्टीनं वळून बघितलं. दुपारपर्यंत मी पुढच्या खाडीच्या गावात होतो. वाळूवर पोत्यांना टेकून बसलो, धपाटा काढला, वाट बघत राहिलो.

ऊन उतरलं तरी पत्ता न्हाय. मग भोंगा ऐकू आला, चिरका, थांबून थांबून. होडी खाडीच्या तोंडातून वळली तर आत एकटे सरच दिसत होते. मी पाण्यात धावलो. चाचा तळाशी आडवे पडले होते, तोंड लिंबासारखं पिवळं, एक हात भोंग्यावर.

"बेटा," ते म्हणाले, "दर्या हालतो रे."

"मग हालणारच की."

"ट्रक बी हालतो. पण तो पुढं जाताना हालतो. हा जागच्या जागी हालतो!"

झालं असं होतं. दुपारी होडी एका बुडालेल्या खडकाला घासली, एक पट्टी सुटली, पाणी शिरायला लागलं. चाचांनी सुई काढली. पण खाली मान घालून बारीक टाक्याकडं बघितलं की त्यांना उलटी व्हायची. कसाबसा एक टाका घातला तो लुंगीसकट. आता चाचा होडीला शिवलेले! सरांनी वल्हं टाकून चाकूनं लुंगी कापली आन् मग वाटभर एका हातानं डब्यानं पाणी उपसत, एका हातानं वल्हवत आले. होडीच्या तळाला निळ्या लुंगीचा तुकडा अजून टाक्यात अडकलेला होता. मी हसायला लागलो. सर हसले न्हाईत. सरांच्या तळहातांना फोड आले होते.

"उद्या हे चालणार न्हाय," सर म्हणाले. टाच आपटली न्हाय, पायाखाली वाळू होती. "शिवणारा नसंल तर इथूनच परत."

चाचांनी चूळ भरली, लुंगी जेवढी उरली तेवढी सावरली. "हाय की शिवणारा."

"कोण?"

"हा. दिवाळीच्या आधीच पक्का झालाय. म्या कच्चा म्हणलो." मग माझ्याकडं बघून, "मला बी बसायचं होतं रे, बेटा. बसलो. बास झालं."

मी त्यांना धपाटा दिला. त्यांनी तो बघितला आन् परत पाण्याकडं पळाले.

सकाळी मी मागच्या जागेवर बसलो. सरांनी एकच हुकूम दिला, "बोलायचं न्हाय!" सांगाड्याच्या कामट्या पायाखाली कुरकुरत होत्या, कापड पोटासारखं आतबाहेर होत होतं. त्या कापडाच्या खाली सगळा समुद्र, आन् मधी चाचांचे टाके. जमीन डाव्या हाताला राहिली. मला ती धड बघायची होती, पण कालची शिवण पाझरायला लागली.

"शिव!"

मी वाकलो. होडी वर गेली, पोट खाली राहिलं. होडी खाली आली, पोट वर गेलं. मला बी मळमळायला लागलं. मग मी पोट पुढं काढलं, मान तिरकी केली, जीभ ओठाच्या कोपऱ्यात आणली, नाकातून शिट्टीसारखा श्वास सुरू केला, आन् चाचा म्हणून बसलो. माझी शिकायची सुई आत, तिथूनच बाहेर. वर मेण दाबायचं, अंगठा फिरवायचा, पुढचा टाका. पाणी उडत होतं, मिठानं फाटलेली बोटं झोंबत होती. सर एकदा मागं वळले, माझी जीभ बघितली आन् परत वल्हवायला लागले. समुद्रावर माझी अर्धी सकाळ टाक्यांकडं बघण्यात गेली. मान वर केली तवा सगळीकडं पाणी होतं आन् होडीत नव्हतं.

संध्याकाळी पुढच्या गावाच्या वाळूला लागलो. चाचा तिथं पोत्यांवर बसले होते, भोवती गावातली पोरं, आन् चाचा हातवारे करून कालच्या लाटांची उंची दाखवत होते. ती उंची माडाएवढी होती. आम्हाला बघून उठले, सरळ होडीकडं आले. मला न्हाय, सरांना न्हाय, आधी होडीला भेटले. वाकून माझ्या शिवणीवरून अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग अंगठा वर करून उजेडात बघितला.

"वाकडी हाय," ते म्हणाले.

मी वल्हं वाळूत रोवलं.

"पण कोरडी हाय." त्यांनी अंगठा सरांना दाखवला, मग पोरांना दाखवला, मग कमरेच्या पिशवीतून स्वतःची वाकडी सुई आन् मेणाचा गोळा काढून माझ्या हातात दिला. "मास्टरसाब, उद्याची यष्टी कितीला हाय म्हणं?"